गल्लीबोळातला उपद्रव: बेळगाव आणि सीमाभागात तक्रार कुठे, कशी करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री मोकळ्या प्लॉटवर बसणारी टोळकी, मध्यरात्रीपर्यंत घुमणारी डॉल्बी, बसस्टॉपच्या कोपऱ्यावर लाल पिंक, शाळेच्या वाटेवर मुलींना होणारा त्रास. या सगळ्यावर कायदा आहे. तरी तक्रार फुकट जाते, आणि बहुतेक वेळा तीनच कारणांनी: ती चुकीच्या कचेरीत गेलेली असते, तिच्यात नेमकी जागा आणि वेळ नसते, किंवा तिची पोच घेतलेली नसते. ही तीन कामे नीट कशी करायची, हे इथे सविस्तर दिले आहे.

तक्रार नेमकी कुणाकडे करायची? महापालिका म्हणते पोलिसांकडे जा, पोलीस म्हणतात महापालिकेकडे.

माणूस त्रास देत असेल तर पोलीस. जागा किंवा वस्तू त्रास देत असेल तर स्थानिक संस्था. दारू पिणारा, शिवीगाळ करणारा, जुगार खेळणारा, सायलेन्सर काढून गाडी उडवणारा हे पोलिसांचे काम. कचऱ्याचा ढीग, बंद दिवा, बेवारस प्लॉट, विनापरवाना फ्लेक्स हे महापालिकेचे किंवा पंचायतीचे.

पण आपल्या भागात हद्दींचा गुंता आहे. बेळगाव महापालिकेचे 58 वॉर्ड. मात्र कॅम्पचा भाग महापालिकेत येत नाही, तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. कॅम्पातल्या कचऱ्याचा अर्ज महापालिकेत दिला तर तो नुसता पडून राहतो. हिंडलगा, उचगाव, येळ्ळूर इथे ग्रामपंचायत, म्हणजे अर्ज पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) नावे. खानापूरला नगरपंचायत, निपाणीला नगरपालिका.

पोलिसांची हद्द याहून वेगळी. बेळगाव शहराला पोलीस आयुक्तालय आहे आणि त्यात ग्रामीण, काकतीसारखी ठाणीही येतात. त्यामुळे शहरालगतच्या एखाद्या गावाचा कचरा पंचायतीकडे, पण तिथल्या दारूड्यांची वरची तक्रार पोलीस आयुक्तांकडे. खानापूर, निपाणी, चिकोडी इथे मात्र जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. अर्ज लिहिण्याआधी आपली पंचायत किंवा वॉर्ड कुठला आणि ठाणे कुठले, हे दोन्ही वेगवेगळे विचारून घ्या.

112 ला फोन केला तर काय बोलायचे?

पहिल्या वाक्यात जागा. फोन मध्येच तुटला तरी गाडी निघू शकते. "टिळकवाडीत गोंधळ चालू आहे" याचा गस्तीच्या गाडीला उपयोग नाही. असे सांगा: "अमुक गल्ली, मारुती मंदिरामागचा मोकळा प्लॉट, पाण्याच्या टाकीजवळ. सहा-सात जण दारू पिऊन बाटल्या फोडत आहेत. तीन दुचाकी आहेत. कुणाच्या हातात हत्यार दिसत नाही. आत्ता चालू आहे." जागा, काय चालले आहे, किती जण, हत्यार आहे की नाही, आत्ता चालू आहे की संपले. अर्ध्या मिनिटात होते.

फोननंतर तक्रारीचा नंबर मिळाला तर लिहून ठेवा. नंबर नसेल तर फोनची तारीख आणि वेळ तरी लिहा, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट ठेवा. दहा दिवसांत पाच फोन झाले असतील तर लेखी अर्जात त्या पाच वेळा दाखवता येतात, आणि त्या अर्जाकडे ठाण्यात वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

महाराष्ट्राच्या हद्दीजवळ राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. शिनोळी, कोगनोळी या पट्ट्यात मोबाईल कधी पलीकडचा टॉवर पकडतो आणि 112 चा फोन दुसऱ्या राज्याच्या कंट्रोल रूमला लागू शकतो. म्हणून तिथे बोलण्याची सुरुवातच राज्य, जिल्हा आणि तालुका सांगून करा.

लेखी अर्ज कसा असावा? मराठीत दिला तर चालतो का?

राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणे मांडणारे निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. हा हक्क आहे आणि तो सोडायचे कारण नाही. मात्र ठाण्यातली डायरी कन्नडमध्ये लिहिली जाते. मराठी अर्जासोबत कन्नड प्रत जोडली तर भाषांतरासाठी कागद अडकत नाही. उपद्रव लवकर थांबावा हा हेतू असेल तर दोन्ही प्रती द्या, सही दोन्हींवर करा.

मजकुराचा नमुना:

"आमच्या गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टाकीमागे मोकळा प्लॉट आहे. गेल्या 14 पैकी 9 रात्री, साधारण 9.30 ते 11.45 या वेळेत, 5 ते 8 जण दुचाकीवरून येऊन दारू पितात, बाटल्या फोडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना उद्देशून बोलतात. तारखा व वेळांचा तक्ता जोडला आहे. दोन गाड्यांचे नंबर दिले आहेत. टाकीजवळचे दोन दिवे बंद आहेत, त्याचा वेगळा अर्ज महापालिकेला दिला आहे, प्रत सोबत. रात्री 9 ते 12 गस्त ठेवावी आणि कायद्याप्रमाणे कारवाई करावी."

यात "खूप दिवसांपासून", "नेहमी", "सगळे हैराण" असे शब्द कुठेच नाहीत. अशा शब्दांवर पोलिसांना काही करता येत नाही, 9.30 ते 11.45 यावर करता येते. मागणीही नेमकी ठेवा. "बंदोबस्त करावा" एवढेच लिहिले तर एकदा गाडी फिरवून अर्ज निकाली काढता येतो.

सह्या पाच-सहा घरांच्या असल्या तरी पुरतात. पन्नास सह्यांच्या नादात महिना निघून जातो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका. शिक्का मिळत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

उघड्यावर दारू पिणाऱ्यांवर कुठले कलम लागते?

कर्नाटक अबकारी कायदा 1965 च्या कलम 15-ए प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी दारू पिण्यास मनाई आहे. गुन्हा नोंदवताना याच्या जोडीला 32(3) लावले जाते. पिऊन रस्त्यावर गैरवर्तन केले तर भारतीय न्याय संहितेचे कलम 355 आहे: 24 तासांपर्यंत साधी कैद, किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवेची शिक्षा. शिवाय रस्त्यावरच्या उपद्रवासाठी कर्नाटक पोलीस कायदा 1963 चे कलम 92.

355 हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणून अर्जात "दारू पिऊन धिंगाणा" एवढेच न लिहिता "सार्वजनिक जागेत दारू पितात" हे स्पष्ट लिहा. अबकारी कायद्याची वाट त्यामुळे मोकळी होते.

दारू दुकानासमोरच पीत असतील तर दुकानाचा परवाना पाहा. सीएल-2 परवाना फक्त बाटली विकण्याचा असतो, तिथे बसून किंवा उभ्याने पाजता येत नाही. सीएल-9 हा बार. सीएल-2 दुकानाच्या कट्ट्यावर ग्लास, पाण्याच्या पिशव्या, चणे मिळत असतील तर ती परवान्याच्या अटींची बाब आहे. तक्रार अबकारी निरीक्षकांकडे करा. पिणाऱ्या चौघांना उठवले तर उद्या दुसरे चौघे येतात, दुकानदाराला नोटीस गेली की कट्टा रिकामा होतो.

चोर्ला किंवा आंबोलीच्या वाटेने गोव्याची दारू परवान्याशिवाय आणून गावात विकणे हा वेगळा आणि जास्त गंभीर अबकारी गुन्हा आहे. त्याची माहिती नाव न सांगताही देता येते.

सिगारेट, गुटखा, थुंकणे?

कर्नाटकात तंबाखू कायद्यातील दुरुस्ती 2025 मध्ये लागू झाली. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाचा दंड 200 वरून 1,000 रुपयांपर्यंत गेला आणि तंबाखू खाणे व थुंकणे हेही त्यात आले. 21 वर्षांखालच्यांना विक्री नाही, शाळा-कॉलेजपासून 100 मीटरच्या आत विक्री नाही, सुटी सिगारेट विकायची नाही. गुटख्यावर तर राज्यात 2013 पासूनच बंदी आहे.

बसस्टँड, दवाखाना, सरकारी कचेरी, हॉटेल, रेल्वे स्टेशन ही सार्वजनिक ठिकाणे आहेत यात वाद नाही. पूर्ण मोकळ्या रस्त्यावर सिगारेट ओढणारा यात बसेलच असे नाही, तिथे हुज्जत घालू नका. टपरी शाळेच्या फाटकापासून 100 मीटरच्या आत आहे का, हे टेपने मोजून अर्जात मीटरचा आकडा लिहा. "शाळेजवळ" या शब्दावर टपरीवाला वाद घालतो, 62 मीटरवर त्याला घालता येत नाही.

गणपती, शिवजयंती, लग्नाची वरात: डॉल्बीचा आवाज किती चालतो?

बेळगावचा गणेशोत्सव आणि शिवजयंतीचे चित्ररथ हा आपला अभिमान आहे, आणि तो तसाच राहावा. पण खिडकीच्या काचा थरथरतात तेव्हा आतल्या खोलीत कुणाची आजी ऑक्सिजनवर असते, कुणाचे चार दिवसांचे बाळ असते. मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही हे कळते, म्हणून पहिला फोन मंडळाच्या अध्यक्षांना करावा. पुष्कळदा तेवढ्यावर भागते.

नाहीच भागले तर ध्वनिप्रदूषण नियम 2000:

राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. बाजारपेठेत 65 आणि 55. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतालच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागतेच. रात्री 10 ते 12 ची सवलत वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस, आणि ते दिवस सरकार आधी जाहीर करते, मंडळ ठरवत नाही.

दिवसाच्या तक्रारीसाठी आवाज मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा जास्त चढलेला असावा लागतो, म्हणून तिथे मोजमाप महत्त्वाचे. रात्री 10 नंतरच्या बंदीचा भंग मात्र तेवढ्यानेच तक्रारीचा विषय होतो. "आमच्याकडे मीटर नाही" असे उत्तर रात्री 10.40 ला मिळाले तर नम्रपणे सांगा की तक्रार डेसिबलची नाही, वेळेची आहे.

फोन आवाज चालू असतानाच करा. गाडी येईपर्यंत गाणे थांबते आणि "आवाज आढळला नाही" अशी नोंद होते. त्यासाठी घराच्या आतून, खिडकीजवळून एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या, त्यात भिंतीवरचे घड्याळ दिसू द्या. मोबाईलवरच्या डेसिबल ॲपचा आकडा कोर्टात टिकणार नाही, पण अर्जात अंदाज म्हणून लिहायला हरकत नाही. परवानगी कुणी दिली आणि कितीपर्यंत, हे ठाण्यात विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

कोपऱ्यावर पोरं उभी राहून मुलींना बोलतात. नुसते उभे राहणे गुन्हा आहे का?

उभे राहणे गुन्हा नाही. टोमणा मारणे, इशारा करणे, गाणे म्हणून अडवणे, मागे मागे जाणे हे गुन्हे आहेत. न्याय संहितेत बाईच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारे शब्द वा हावभाव कलम 79 मध्ये, लैंगिक छळ 75, पाठलाग 78, सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य वा गाणे 296. यासाठी 112 किंवा महिला हेल्पलाइन 181.

मुलीचा जबाब महिला पोलिसांनी घ्यायचा असतो. बऱ्याच घरांत अर्ज वडील किंवा काका देतात आणि मुलीला पुढे येऊ देत नाहीत. कारण समजते, पण जिच्याशी घडले तिचे चार शब्द नसतील तर गुन्हा उभा राहत नाही. तिच्यासोबत आई, मावशी, शिक्षिका कुणीही बसू शकते. शाळेच्या वाटेचा प्रश्न असेल तर मुख्याध्यापकांच्या पत्रावर शाळा सुटण्याच्या अर्ध्या तासासाठी बीट पोलीस मागा. ही मागणी लहान आणि नेमकी असल्याने लवकर मान्य होते.

बागेत जोडपी बसतात, त्यांची तक्रार करता येते का?

दोन सज्ञान माणसांनी बाकावर शेजारी बसून बोलणे हा गुन्हा नाही, मग त्यांची जात, धर्म, गाव काहीही असो. त्यांना अडवणे, नाव-गाव विचारणे, फोटो काढणे, घरी फोन लावण्याची धमकी देणे हे मात्र गुन्हे होऊ शकतात. वाट अडवण्याला न्याय संहितेचे कलम 126 आहे. असा घोळका दिसला तर 112 ला फोन त्या घोळक्याविरुद्ध करायचा.

फाटका सायलेन्सर आणि व्हीली (पुढचे चाक उचलून दुचाकी पळवणे)?

गाडीचा नंबर, रस्ता, वेळ. नंबर नसेल तर पुढे काहीच होत नाही. धोकादायक चालवण्याला मोटार वाहन कायद्याचे 184, आवाजाला 190(2). चालवणारा अठरा वर्षांखालचा असेल तर 199-ए लागते: पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, मुलाला 25 वर्षांपर्यंत लायसन्स नाही. हे आकडे गल्लीच्या बैठकीत वाचून दाखवा. चाव्या देणाऱ्या आईवडिलांना ते बहुधा माहीत नसतात.

मटका, ओसी (आकड्यांवरचा जुगार), पत्ते?

मटक्याला कर्नाटक पोलीस कायद्याचे 78(3), रस्त्यावर उघड्या जुगाराला 87. स्वतः पाळत ठेवू नका, चिठ्ठ्या गोळा करायला जाऊ नका. जागा आणि वेळ कळवा, बास.

फ्लेक्स, भिंतीवरची पोस्टरे, मोकळ्या प्लॉटवरचा कचरा?

कर्नाटकात सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध 1981 चा कायदा आहे: 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड. फ्लेक्सवर परवानगीचा नंबर आणि मुदत छापलेली नसेल तर फोटोसह महापालिकेला कळवा. खासगी प्लॉटवरच्या कचऱ्यासाठी मालकाला नोटीस निघते, म्हणून अर्जात प्लॉटचा सर्व्हे नंबर किंवा शेजारच्या घराचा नंबर द्या. रस्ता अडवणाऱ्या वाळू-विटांना न्याय संहितेचे 285 लागते, दंड 5,000 रुपयांपर्यंत. परवाना असलेला फेरीवाला हा उपद्रव नव्हे, त्याला 2014 च्या फेरीवाला कायद्याचे संरक्षण आहे.

त्रास देणारा माणूस मनोरुग्ण वाटत असेल तर?

मग ही तक्रार नाही, मदतीची हाक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 100 प्रमाणे भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्याकडे नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. फोन करताना "वेडा दगड मारतोय" असे म्हणू नका, "आजारी माणूस आहे, उपचारांची गरज आहे" असे म्हणा. येणारा पोलीस काठी काढतो की गाडीचे दार उघडतो, हे त्या वाक्यावर ठरू शकते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416.

व्हिडिओ काढला, आता त्याचे काय करायचे?

गल्लीच्या ग्रुपवर टाकू नका. चेहऱ्यांसकट फिरला आणि त्यातला एखादा नुसताच तिथे उभा असला तर बदनामीची तक्रार तुमच्यावर येते. त्यात अल्पवयीन असेल तर त्याची ओळख उघड करण्यावर बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 ची मनाई आहे.

मूळ फाईल मूळ फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो आणि त्यातली वेळेची माहिती निघून जाते. पोलिसांना पेन ड्राइव्हवर कॉपी द्या. पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते, त्याचा नमुना ठरलेला आहे आणि तो भरताना फोनचे मॉडेल विचारले जाते. तोपर्यंत फोन फॉरमॅट करू नका, विकू नका.

ठाण्यात तक्रार घेत नाहीत. पुढे?

दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर नोंदवावाच लागतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. हद्द आमची नाही, या कारणाने परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर नोंदवून तो योग्य ठाण्याला पाठवायचा असतो. बेळगावची मुलगी महाराष्ट्रातल्या चंदगड हद्दीत झालेल्या त्रासाची तक्रार बेळगावातही देऊ शकते.

नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) प्रमाणे तोच मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर आयुक्तालयाला पाठवा. त्यानेही झाले नाही तर न्यायदंडाधिकारी. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, हे विसरल्याने अनेक तक्रारी तिथेच राहतात.

महापालिका किंवा पंचायत गप्प असेल तर राज्य सरकारच्या जनस्पंदन या तक्रार हेल्पलाइनच्या 1902 वर नोंदवा. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकात तो एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. "माझ्या अमुक आवक नंबरच्या अर्जावर कुणी, कोणत्या तारखेला, काय केले" एवढेच विचारा.

दर वेळी उठवतात, पुन्हा आठवड्यात तिथेच बसतात. कायमचा उपाय?

दोन बाजूंनी एकदम धरावे लागते.

माणसांची बाजू: तेच ते चेहरे असतील तर पोलिसांना नागरिक सुरक्षा संहितेच्या 126 किंवा 129 खाली त्यांच्याकडून शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तनाचा बाँड घेण्याचा प्रस्ताव द्यायला सांगा. यासाठी तुमचा तारखांचा तक्ता हाच आधार असतो. बाँड मोडला की रक्कम भरावी लागते, म्हणून पोरांच्या घरचेच लक्ष घालू लागतात. जागेमुळेच उपद्रव असेल, म्हणजे पडकी इमारत, उघडी विहीर, अडवलेली वाट, तर त्याच संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठीच्या प्रांत कचेऱ्या बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी इथे आहेत. आधी सशर्त आदेश निघतो, समोरच्याला म्हणणे मांडायची संधी मिळते, मग तो कायम होतो. वेळ लागतो, पण त्याची अंमलबजावणी सक्तीची असते.

जागेची बाजू: रात्री 9 वाजता दोघे-तिघे टॉर्च घेऊन तिथे फेरी मारा आणि लिहा. दिवा किती अंतरावर आहे, खांबावर नंबर आहे का, कुठल्या भिंतीमागे रस्त्यावरून दिसत नाही, बसायला काय आहे, गाडी आत कुठून येते. बहुतेक अड्ड्यांवर एकच चित्र दिसते: एक बंद दिवा, कमरेएवढे गवत, एक मोडका कट्टा आणि दुचाकी शिरेल एवढी फट. फट दोन दगडी खांबांनी बंद होते, गवत एका दिवसात निघते. दिव्याचा अर्ज महापालिकेकडे, वीजपुरवठाच नसेल तर हेस्कॉम या वीज कंपनीच्या 1912 वर. दिवा लागल्यावर पहिले दोन आठवडे तो फोडला जातो, तेव्हा त्याला जाळीचे कव्हर आधीच मागून घ्या आणि खांब थोडा उंच.